अर्ध्या सेकंदाचं पाणी: साताऱ्याच्या धबधब्यांवर लाँग एक्स्पोजर शिकताना

लाँग एक्स्पोजर म्हणजे कॅमेऱ्याची झडप, शटर, जास्त वेळ उघडी ठेवून फोटो काढणं. पहिला सल्ला जरा उफराटा वाटेल: ते शिकायचं म्हणून पहिल्याच दिवशी ठोसेघरला जाऊ नका. मी गेलो होतो. साताऱ्यातून पहाटे निघालो, बोगदा ओलांडला, सज्जनगडाचा फाटा मागे टाकला आणि धुक्यातून चाचपडत वर पोहोचलो. ट्रायपॉड उघडला तेव्हा कळलं की कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची प्लेट घरी टेबलावरच राहिली आहे. मग रेलिंगवर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, आणि श्वास रोखून दीड-दोनशे फोटो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत काळ्या कातळावर चुना ओतल्यासारखा एक पांढरा पट्टा, आणि भोवतीचं सगळं रान हललेलं.

प्लेट विसरणं ही चूक छोटी होती. मोठी चूक अशी की कॅमेऱ्याचं गणित समजायच्या आधीच मी जिल्ह्यातल्या सगळ्यात अवघड जागी जाऊन उभा राहिलो. ठोसेघरचा धबधबा दरीपलीकडून बघायचा असतो. मध्ये धुकं येतं-जातं, वारा रेलिंगपाशी उभं राहू देत नाही, रविवारी मागून धक्के बसतात. तिथे शिकायला काही उरत नाही, फक्त नशीब आजमावायचं.

आधी ओढा गाठा

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत यवतेश्वरच्या घाटातून कासकडे जाताना, किंवा पाटणच्या बाजूला कोणत्याही डोंगरकडेच्या गावात, रस्त्यालगत लहान-लहान ओढे वाहत असतात. त्यांना नावं नसतात. गुडघाभर उंचीवरून पाणी पडतं, खाली दोन-चार दगड, बाजूला नेचे आणि गवत. असा ओढा शोधा. गाडी घाटाच्या वळणावर न लावता थोडं पुढे, मोकळ्या जागी लावा आणि चालत मागे या.

अशा जागी तुम्ही पाण्यापासून हाताच्या अंतरावर असता. कॅमेरा खाली-वर, डावी-उजवीकडे हलवून बघता येतो. एकाच दगडाचे वीस फोटो वीस वेगवेगळ्या वेळांनी काढता येतात. चुकलं तर चुकलं, तासाभराचं इंधन आणि एक चहा, एवढाच खर्च. मोठा धबधबा एकच कोन देतो आणि तोच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. ओढ्यावर तुम्ही निवडलेला दगड फक्त तुमचा असतो.

एकदा असाच ओढ्यात वाकून बसलो होतो. म्हशी घेऊन चाललेले एक आबा थांबले.

“काय पाव्हणं, फोटूला लई येळ लागतोय?”

“नाही आबा, अर्धाच सेकंद लागतो.”

“आन् मग मगाधरनं तासभर काय करताय?”

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच पुढचा सगळा लेख आहे.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं

शटर उघडं असताना पाण्याचा थेंब चित्रात जेवढं अंतर कापतो, तेवढी त्याची रेघ उमटते. दगड जागचा हलत नाही, म्हणून तो स्पष्ट येतो. पाणी हलतं, म्हणून ते ओढल्यासारखं दिसतं. तंत्र एवढंच. बाकी सगळी खटपट ही रेघ किती लांब हवी ते ठरवण्याची आणि तेवढा वेळ शटर उघडं ठेवूनही फोटो पांढराफटक होऊ न देण्याची.

१/१००० सेकंदाला थेंब हवेत काचेच्या मण्यांसारखे थांबतात. १/६० च्या आसपास सगळ्यात वाईट अवस्था येते: पाणी थांबलेलंही नसतं आणि वाहतंही नसतं, नुसतं पुसट दिसतं. सेटिंग न बघता काढलेले बरेच फोटो इथेच अडकतात. १/१५ ते १/४ या टप्प्यात पाण्याचे धागे सुटे दिसायला लागतात, पण अंगातला जोर टिकून राहतो. अर्धा ते एक सेकंदाला धागे एकमेकांत मिसळून रेशमासारखे होतात. दोन-चार सेकंदांनंतर कापूस. तीस सेकंदांना पाण्याची वाफच होते.

नवशिक्याला कापसाचा मोह पडतो. मलाही पडला होता आणि त्या वर्षीचे माझे सगळे फोटो साय धरलेल्या दुधासारखे आहेत. आता माझं मत असं की ओढ्याच्या पाण्याला १/४ ते १ सेकंद यापलीकडे क्वचितच काही लागतं. जास्त वेळ दिला की पाण्याचा पोतच जातो, आणि पोत गेला की ते पाणी आहे हे फक्त संदर्भावरून कळतं. अपवाद म्हणजे डोहात गोल फिरणारा फेस. त्याला दहा-पंधरा सेकंद द्या, फेसाची चक्रं उमटतात.

हे आकडे मात्र पाठ करून उपयोग नाही, कारण रेघेची लांबी पाण्याच्या वेगावर, तुमच्या अंतरावर आणि लेन्सवर ठरते. उथळ ओढ्यातलं पाणी सेकंदाला एक-दोन मीटर सरकतं. वीस मीटर उंचीवरून सरळ खाली आलेलं पाणी, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला वीसेक मीटर वेगाने आदळतं. म्हणजे कड्याखाली उभं राहिलात तर १/१५ सुद्धा पुरतं. पण तोच कडा दरीपलीकडून रुंद लेन्सने घेतला तर चित्रात तो बोटभर उंच दिसतो, त्यातली हालचालही तेवढीच बारीक होते आणि १/१५ ला पाणी जवळजवळ थिजलेलं वाटतं. ठोसेघरला मी फसलो त्याचं अर्धं कारण हे. लांबच्या धबधब्याला ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा आणि अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा.

पिशवीत काय हवं

शटरची वेळ हाताने ठरवता येईल असा कोणताही कॅमेरा चालतो. दहा वर्षं जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेराही चालतो. नवीन बॉडीवर पैसे घालण्याआधी ट्रायपॉडवर घाला. तो उंच नसला तरी चालेल, पण डुगडुगता नको. ओढ्यावर सगळे चांगले फोटो कमरेच्या खालूनच निघतात, म्हणून पाय फाकवून जमिनीलगत बसणारा ट्रायपॉड सगळ्यात कामाचा. आणि प्लेट कॅमेऱ्याला कायमची लावून ठेवा.

दुसरी खरेदी सर्क्युलर पोलरायझर, ज्याला दुकानात सीपीएल म्हणतात. तो एनडी या गडद फिल्टरच्याही आधी घ्या, असं मी म्हणेन. ओल्या दगडावर आणि ओल्या पानावर आभाळाची पांढरी चमक बसलेली असते. सीपीएल फिरवला की ती पुसली जाते आणि खालचा खरा रंग वर येतो: शेवाळाचा हिरवा, कातळाचा निळसर काळा. हे नंतर संगणकावर करता येत नाही. शिवाय सीपीएल दीड ते दोन स्टॉप प्रकाशही खातो. एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश, म्हणजे दुप्पट वेळ. म्हणून शटर आपोआप तीन-चार पट लांबतं. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

एनडी म्हणजे लेन्सपुढे लावायची करडी काच. तिच्यातून प्रकाश कमी येतो, रंग तेच राहतात. एनडी ८ तीन स्टॉप कमी करतो, एनडी ६४ सहा, एनडी १००० दहा. पहिल्यांदा एनडी ८ घ्या, मग जमलं तर एनडी ६४. दहा स्टॉपचा फिल्टर समुद्राला आणि ढगांना छान, धबधब्याला फारसा लागत नाही. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण स्वस्तातला असेल तर रुंद लेन्सवर शेवटच्या टोकाला फोटोत फुलीसारखा काळा डाग पडतो. स्वस्तातले गडद एनडी तपकिरी किंवा जांभळी झाकही देतात.

याशिवाय चार-पाच सुती किंवा मायक्रोफायबरची फडकी, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. एक फडकं पाच मिनिटांत ओलं होतं, मग ते लेन्सवर पाणी नुसतं पसरवतं. एक जुनी छत्री. हॉटेलात मिळते तशी आंघोळीची प्लास्टिक टोपी, कॅमेऱ्यावर घालायला ती महागड्या रेनकव्हरपेक्षा बरी पडते. आणि खिशात मीठ किंवा तंबाखूची पुडी, कारण कासच्या पुढे आणि कोयनेच्या जंगलात जळवा तुमची वाट बघत असतात.

ओढ्यावर, एकेक पाऊल

पोहोचल्यावर कॅमेरा काढू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. पाणी कुठून शिरतं, कुठे दगडाला वळसा घालतं, कुठे दुभागतं. डोळे बारीक करून पाहिलं की पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात आणि चित्राचा सांगाडा दिसतो. सरळ समोरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा तिरपं येऊन वळणारं पाणी लाँग एक्स्पोजरला जास्त चांगलं, कारण त्याच्या रेघेला कुठून तरी कुठे तरी जायचं असतं.

मग कॅमेरा हातात घेऊन, ट्रायपॉडशिवाय, बसून-वाकून कोन शोधा. जमिनीपासून दोन फुटांवर जग वेगळं दिसतं. कोन ठरला की तिथे ट्रायपॉड आणा. ट्रायपॉड आधी रोवला की आळसाने सगळे फोटो त्याच उंचीवरून निघतात.

आभाळ शक्यतो चित्रात घेऊ नका. पावसाळी आभाळ फोटोत कोऱ्या कागदासारखं येतं आणि डोळा सगळ्यात आधी तिथेच जातो. झाडांच्या फटीतून डोकावणारा पांढरा ठिपकाही चौकटीबाहेर ठेवा.

ट्रायपॉडचे पाय दगडावर किंवा घट्ट मातीत टेकवा. वाहत्या पाण्यात एखादा पाय ठेवावाच लागला तर तो थरथरतो, म्हणून खालपर्यंत दाबून, दगडांच्या बेचक्यात अडकवा. मधली दांडी वर करू नका. पायांपैकी जाड नळ्या आधी उघडा, खालच्या बारीक नळ्या शेवटी. वजनासाठी पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. वाऱ्यात झुलणारी पिशवी ट्रायपॉडलाही झुलवते. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर ट्रायपॉडवर ते बंद करा, नाहीतर काही लेन्स नसलेला कंप शोधत बसतात आणि फोटो पुसट होतो.

आता सेटिंग. मोड मॅन्युअल. फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद द्यायची ताकद, १००, किंवा तुमच्या कॅमेऱ्यात सगळ्यात कमी असेल तो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ (आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक). वेळ लांबवायची म्हणून एफ २२ ला जाण्याचा मोह टाळा. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. एफ १६ पर्यंत अडीअडचणीला ठीक.

फोकस फिल्टर लावायच्या आधी करा. पाण्यावर नको, पाण्याशेजारच्या दगडाच्या कडेवर. स्क्रीनवर मोठं करून खात्री करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका. हे विसरलात तर गडद फिल्टरमागे कॅमेरा आंधळ्यासारखा चाचपडतो आणि एका फोटोसाठी तीन वेळा फिल्टर काढ-घाल करावी लागते.

सीपीएल लावा आणि दगडाकडे बघत सावकाश फिरवा. चमक जवळजवळ नाहीशी झाली की थांबा. पूर्ण घालवली तर दगड मेल्यासारखे दिसतात, थोडी ठेवली तर ओले. मी थोडी ठेवतो.

मग टायमर दोन सेकंदांवर, किंवा रिमोट असेल तर तो. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो आणि अर्ध्या सेकंदाच्या फोटोत तो लगेच दिसतो. डीएसएलआरमध्ये आरसा वर उचलून धरायची सोय असते, नाहीतर लाइव्ह व्ह्यू वापरा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो घ्या. गडद फिल्टर लावून पाच-दहा सेकंदांचा फोटो घेताना मागच्या, डोळा लावायच्या खिडकीतूनही प्रकाश आत शिरतो, तिथे टोपी किंवा हात धरा.

एक हिशोब मांडून दाखवतो. सकाळचे साडेसात, आभाळ भरलेलं, झाडीतला ओढा. आयएसओ १००, एफ ११ ला कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर १/१५ सेकंद दाखवतो. सीपीएलने दोन स्टॉप खाल्ले: १/४. हा पहिला फोटो. आता एफ १६ करा: १/२. पुन्हा एफ ११ वर येऊन सीपीएलवर एनडी ८ चढवा: १/४ ची आठपट, म्हणजे २ सेकंद. एनडी ८ ऐवजी एनडी ६४ लावला तर १६ सेकंद. चार फोटो, चार प्रकारचं पाणी, चौकट तीच. जागेवर निवडू नका. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर लांब वेळेचा फोटो नेहमीच जास्त भारी वाटतो आणि घरी मोठ्या पडद्यावर तोच सपाट निघतो. माझ्या बाबतीत दहातल्या सात वेळा मधला, अर्ध्या सेकंदाचाच फोटो टिकतो.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: अर्धा सेकंद शटरचा, बाकी तास दगड शोधण्यात आणि लेन्स पुसण्यात जातो.

काळा कातळ मीटरला फसवतो

सह्याद्रीचा हा सगळा भाग बसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कठीण पुढे राहतो, म्हणून आपल्याकडचे धबधबे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात. फोटोला या पायऱ्या वरदानच आहेत, पण त्यांचा रंग अडचणीचा आहे.

ओला बसाल्ट जवळजवळ काळा दिसतो. कॅमेऱ्याच्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं करायची सवय असते. चौकटीत काळा दगड जास्त असला की मीटर म्हणतं, उजेड कमी आहे, वाढव. दगड करडा होतो आणि पाणी जळून जातं. एकदा जळालेलं पांढरं रॉ फाईलमधूनही परत येत नाही, काळ्यातलं मात्र बरंच ओढून काढता येतं. म्हणून मीटर दाखवतो त्यापेक्षा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी घ्या. प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, बघा: उजव्या भिंतीला चिकटलेला डोंगर नको. जास्त उजेडाची जागा लुकलुकून दाखवायची सोय चालू ठेवा. पाण्याच्या एखाद्या ठिपक्यावर लुकलुक चालेल, सगळा प्रवाह लुकलुकत असेल तर वेळ निम्मी करा.

ऊन पडलं की हा प्रश्न दुप्पट होतो. पाण्यावर ऊन आणि दगडावर सावली, हे कोणत्याही कॅमेऱ्याला झेपत नाही. निळं आभाळ आणि कोवळं ऊन बघून सहल काढणारे पाहुणे खूश होतात, आपण गाडीत बसून ढगाची वाट बघायची.

तुषार आणि वारा

मोठ्या धबधब्यासमोर लेन्सवर सतत बारीक तुषार बसतात. लहान वेळेच्या फोटोत एखादा थेंब खपून जातो, लांब वेळेत तो धूसर डाग होतो. मी असं करतो: टायमर दहा सेकंदांवर, छत्री लेन्ससमोर आडवी, एका हाताने शेवटचं पुसणं, टायमर संपता-संपता छत्री बाजूला, फोटो, छत्री परत. दोघं असाल तर छत्री दुसऱ्याकडे द्या, घरातलं कुणी असेल तर त्याला या कामाचा मान द्या. लेन्सहूड लावाच. फोटो काढत नसताना कॅमेऱ्याचं तोंड पाण्याकडे ठेवू नका.

वाऱ्याने नेचे आणि गवत हलतं. पाणी वाहतं दिसायला हवं पण पानं थिजलेली, हे एका फोटोत जमत नाही. दोन फोटो घ्या: एक अर्ध्या सेकंदाचा पाण्यासाठी, दुसरा आयएसओ हवा तेवढा वाढवून १/६० किंवा त्याहून वेगाचा पानांसाठी. ट्रायपॉड हलू देऊ नका. घरी दोन्ही थर एकमेकांवर ठेवून पानं दुसऱ्यातून उचला. हे फसवणूक वाटत असेल तर वारा थांबायची वाट बघा, दोन झुळकांच्या मध्ये तीन-चार सेकंद मिळतातच. कधी कधी हललेली पानंच छान दिसतात, ते मान्य.

फक्त मोबाईल असेल तर

चालतं. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू करून धबधबा घ्या, मग फोटो उघडून लाँग एक्स्पोजरचा पर्याय निवडा. ही सोय आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असतो. तिथे आयएसओ सगळ्यात खाली आणि वेळ १/४ ठेवा. ढगाळ असलं तरी फोटो पांढरा होऊ शकतो, कारण बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही. मग सनग्लासची पोलराइज्ड काच फोनच्या लेन्सपुढे धरा, गंमत नाही, खरंच चालतं. फोनला धरायला छोटा ट्रायपॉड लागतोच. नाहीतर दगडावर रुमालाची गुंडाळी करून टेकवा आणि टायमर लावा.

कधी आणि कुठे

पावसाळ्यात आपल्या पेपरात रोज कोयना, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये येतात. लोक ते धरण किती भरलं म्हणून वाचतात, मी फोटोसाठी वाचतो. तिन्ही ठिकाणी शेकड्यांत आकडे असतील तर घरी बसा. धबधबे तेव्हा दणदणीत असतात, पण पाणी मातीने लालसर, कातळ पूर्ण झाकलेला, आणि लाँग एक्स्पोजर म्हणजे एक जाड तपकिरी चादर. जोर ओसरून दोन-तीन दिवस झाले की पाणी निवळतं, धागे सुटतात, दगड उघडे पडतात. म्हणून जुलै बघण्यासाठी, ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात फोटोसाठी.

ओढ्यावर हात बसला की पहिला मोठा धबधबा म्हणून लिंगमळा घ्या. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगत वेण्णेच्या खोऱ्यात आहे, चालणं थोडं, आणि सप्टेंबरमध्ये पाणी पातळ होऊन कातळावर जाळीसारखं उतरतं. ती जाळी अर्ध्या सेकंदाला अप्रतिम येते.

मग ठोसेघर, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी सातच्या आत. लांब लेन्स न्या आणि सगळा धबधबा एका चौकटीत कोंबण्याचा हट्ट सोडा. वरचा ओठ, जिथे पाणी कड्यावरून सुटतं, किंवा मधली एखादी पायरी एवढंच घ्या. धुकं आलं म्हणून निघून जाऊ नका. ते पातळ होत असतानाची दोन मिनिटं दिवसभरातली सगळ्यात चांगली असतात.

कास तलावाच्या पुढे भांबवलीचा वजराई. उरमोडी नदीचं पाणी तीन टप्प्यांत खाली येतं. उंची इतकी की उभी चौकटच हवी. सप्टेंबरमध्ये पठारावर फुलं असतात आणि शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, तेव्हा मंगळवार-बुधवार बघा. नवज्याचा ओझर्डे सगळ्यात देखणा, असं माझं मत. तो कोयनेच्या जंगलात आहे, तिथे वनखात्याचे नियम चालतात, आणि आत दिवस लवकर मावळतो, त्यामुळे फिल्टरची गरजच पडत नाही.

पाटणजवळच्या सडावाघापूरचा उलटा धबधबा मात्र या तंत्राला दाद देत नाही. कड्यावरून पडणारं पाणी दरीतून येणारा वारा परत वर फेकतो. लाँग एक्स्पोजर घेतलं की त्याचं नुसतं धुकं होतं आणि उलटेपणा कळतच नाही. तिथे १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, थेंब वर उडताना दिसू द्या. ट्रायपॉड गाडीत ठेवा, तसाही तो वाऱ्यात उभा राहत नाही.

पाण्याकडे पाठ करू नका

डोळा कॅमेऱ्याला लावला की कान बंद होतात, हा या छंदाचा खरा धोका. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पठारावर असू शकतो. पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, तर ट्रायपॉड सोडा आणि आधी वर चढा. ट्रायपॉड नंतर मिळाला तर मिळाला. ओढ्याच्या मधल्या दगडावर बसून फोटो घेत असाल तर परतीची वाट आधीच ठरवून ठेवा.

हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं, काळं शेवाळ दिसत नाही आणि तेच जास्त घसरतं. ओल्या कातळावर पाय टाकण्याआधी ट्रायपॉडच्या टोकाने खरवडून बघा. धबधब्याच्या माथ्यावर कड्यापर्यंत जाऊ नका, तिथून फोटोही काही मिळत नाही, फक्त कडा संपताना दिसतो. एकीव, ठोसेघर, वजराई, सगळीकडे अतिवृष्टीत प्रशासन बंदी घालतं. निघण्याआधी त्या दिवशीची बातमी बघा. पोलिसांशी हुज्जत घालून काढलेला फोटो मी अजून तरी चांगला पाहिलेला नाही.

घरी आल्यावर

संगणकावर फार काम नसतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा गार-उबदारपणा, थोडा उबदार करा, कारण ढगाळ उजेडात पाणी निळसर येतं. पण पूर्ण पांढरं करू नका, थोडी निळाई पाण्याला गारवा देते. पाण्याचा उजळ भाग खाली ओढा, दगडांच्या सावल्या किंचित वर. हिरव्या रंगाची तीव्रता वाढवायची असं वाटेल, उलट थोडी कमी करा. पावसाळ्यातला सातारा मुळातच इतका हिरवा असतो की फोटोत तो खोटा वाटतो.

त्याहून महत्त्वाचं काम सामानाचं. माझी एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स बुरशीने गेली. ओल्या पिशवीतच आठवडाभर राहिली आणि काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटले. तेव्हापासून आल्या-आल्या सगळं बाहेर काढतो: ट्रायपॉडच्या नळ्या उघडून पंख्याखाली, फिल्टर पुसून, पिशवी उलटी करून. येताना गाडीत एसी लावला असेल तर कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढल्यावर काचेवर दव धरतं. म्हणून जातानाही शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद ठेवतो.

कोरडा झाल्यावर कॅमेरा आणि लेन्स धान्याच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सच्या फटीत जाते. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असं समजायचं. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. त्यासाठी एक जुनी कढई वेगळी ठेवा, त्या निळ्या रंगात विषारी क्षार असतो. आमच्या घरी ती कढई माळ्यावर आहे आणि तिच्यावर मार्करने “स्वयंपाकाला नाही” असं लिहिलेलं आहे.